नव्या झाडाचें दुखणें कसें ओळखावें

आकुर्डी हें एके काळीं पवनेच्या खोऱ्यांतील शेतीचें गांव होतें. १९६० नंतर आसपास गाड्यांचे व यंत्रांचे कारखाने उभे राहिले, १९७२ सालीं पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना झाली, आणि ज्या वावरांत पूर्वीं ज्वारी-बाजरी डुलत असे तेथें आंखीव रस्ते, बंगले व पुढें बहुमजली गृहसंस्था आल्या. शेती गेली, पण मातीची ओढ गेली नाहीं. कुंपणाशीं एक पेरू, मागील दारीं कागदी लिंबू, गृहसंस्थेच्या आवारांत दोन-चार आंबे आणि एखादा चिकू, इतकी तरी बाग हवीच, असें येथील पुष्कळ कुटुंबांना वाटतें. मृगाचा पाऊस पडला कीं रोपवाटिकांतून कलमें येतात, हौसेनें खड्डे खणले जातात, घरांतील वडील माणसाच्या हातून पहिली ओंजळभर माती पडते. आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कित्येक घरीं एकच तक्रार ऐकूं येते: झाड धरलें नाहीं, पानें पिवळीं पडलीं, शेंडा वाळला.

अशा वेळीं जें घडतें तें बहुधा एकाच साच्याचें असतें. एक जण म्हणतो, पाणी कमी पडलें. तो दोन बादल्या ओततो. दुसरा म्हणतो, खत हवें. तो मूठभर युरिया टाकतो. तिसरा बाजारांतून औषधाची बाटली आणून फवारतो. तिन्ही उपाय एकाच आठवड्यांत होतात. मग झाड मेलें तर तें कशानें मेलें हें कोणालाच सांगतां येत नाहीं, आणि वांचलें तर कशानें वांचलें हेंही कळत नाहीं. नव्या झाडाचीं दुखणीं मोजकीं आहेत. परंतु त्यांचीं लक्षणें एकमेकांसारखीं दिसतात, ही खरी अडचण आहे. तहानलेलें झाड मान टाकतें आणि पाण्यांत बुडालेलें झाडही मान टाकतें. पहिल्याला पाणी म्हणजे जीवन. दुसऱ्याला तेंच पाणी म्हणजे मरण. म्हणून आधीं निदान आणि मग उपाय.

या निदानाचें मोल रोपाच्या किमतीवरून ठरवूं नये. आंब्याच्या कलमाला घरापुरतीं फळें देऊं लागण्यास चार-पांच वर्षें लागतात. दुसऱ्या वर्षीं मेलेलें झाड कुटुंबाचीं दोन वर्षें घेऊन जातें. आणि तें साठी उलटलेल्या माणसानें नातवंडांसाठीं लावलेलें असेल तर हा हिशेब अधिकच टोंचतो. शिवाय चुकीच्या निदानानें फवारलेलें विष ज्या अंगणांत पडतें, त्याच अंगणांत मुलें खेळतात आणि तुळशीचीं पानें खुडलीं जातात. रोगापेक्षां इलाज भयंकर होण्याचा धोका शेतापेक्षां घराच्या बागेंत अधिक आहे.

आयुर्वेदानें रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध सांगितली आहे. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या संस्कृत ग्रंथांत तर झाडांच्या व्याधींचाही वात, पित्त व कफ यांच्या परिभाषेंत विचार केलेला आहे. ती परिभाषा आजच्या वनस्पतिशास्त्राची नव्हे; पण परीक्षेची ती रीत अंगणांतल्या झाडालाही चांगली लागू पडते. झाड बोलत नाहीं, म्हणून प्रश्न तें लावणाऱ्यांना विचारावयाचे, एवढाच फरक.

आधीं पाहणी आणि मग निष्कर्ष ही शिस्त या परिसराला नवी नाहीं. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं आकुर्डीहून फार दूर नसलेल्या पिंपळे सौदागर या गांवाची सहकाऱ्यांसह पाहणी करून १९१७ सालीं तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. गांवाच्या स्थितीविषयीं मत देण्यापूर्वीं त्यांनीं जमीन, तिचे झालेले तुकडे, पिकें आणि कुटुंबांचें कर्ज हें सर्व मोजून पाहिलें. आज तें गांव महानगरांत विरून गेलें आहे आणि त्या शेतांवर उंच घरें उभीं आहेत. पण मोजल्यावांचून बोलूं नये हा त्या पाहणीचा धडा एका खड्ड्यांतील एका झाडालाही पुरतो.

पहिला प्रश्न काळाचा. लावल्यापासून किती दिवसांनीं झाड बिघडलें? आठवड्याच्या आंत वरचीं पानें पांढुरकीं होऊन करपलीं, आणि तींही उन्हाच्या बाजूचींच, तर तो रोग नव्हे. रोपवाटिकेंत हिरव्या जाळीखालीं वाढलेलें रोप एकाएकीं उघड्या उन्हांत आलें, त्याची ती होरपळ आहे. भर पावसांत, तीन-चार आठवड्यांनीं पानें मलूल होऊन गळूं लागलीं तर मुळांशीं पाणी तुंबल्याचा संशय घ्यावा. पाऊस उघडून ऑक्टोबरची उष्णता सुरू झाल्यावर झाड सुकलें तर मुळें पिशवींतल्या मातीबाहेर पडलींच नाहींत असें समजावें. आणि पहिलें वर्ष बरें जाऊन दुसऱ्या वर्षीं वाढ खुंटली तर खालीं खडक, राडारोडा किंवा एकमेकांभोवतीं गुंडाळलेलीं मुळें यांचा शोध करावा.

दुसरा प्रश्न, रोप कशांत वाढलेलें होतें? रोपें बहुधा काळ्या पातळ पिशवींत, तांबड्या भुसभुशीत मातींत वाढवलेलीं असतात. तीं आकुर्डीच्या चिकण काळ्या मातींत लावलीं कीं दोन निरनिराळ्या स्वभावांच्या मात्या एकमेकींना भेटतात. बाहेरची काळी माती पाणी धरून ठेवते, आंतला तांबडा गोळा मात्र लवकर वाळतो. आणि काळ्या मातींतलें पाणी त्या गोळ्यांत सहज परत येत नाहीं. आळें ओलें दिसतें, पण मुळें कोरडींच असतात. म्हणून पहिल्या कांहीं आठवड्यांत पाणी आळ्याच्या कडेला न देतां खोडाजवळच्या त्या गोळ्यावर सावकाश पडलें पाहिजे; मुळें बाहेर पसरल्यावर तें हळूहळू बाहेर न्यावें. पिशवी पूर्ण काढली होती कीं नुसती चिरली होती, हेंही येथेंच विचारावें. पिशवीसकट पुरलेलीं रोपें वाटतात तितकीं विरळ नाहींत.

तिसरा प्रश्न, खड्ड्याच्या जागीं पूर्वीं काय होतें? दख्खनच्या पठारावरील ही जमीन काळ्या बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. वर काळी चिकण माती, तिच्याखालीं मुरूम आणि त्याखालीं खडक, अशी तिची साधारण रचना असते. काळी माती ओली झाली कीं फुगते व वाळली कीं भेगाळते. तिच्यांत चुनखडीचे खडेही पुष्कळदां सांपडतात. हा झाला निसर्गाचा भाग. घर बांधतांना वरची चांगली माती उकरली जाते, जड गाड्यांच्या चाकांखालीं मुरूम दगडासारखा घट्ट होतो, आणि शेवटीं विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे व फरशांचे कपटे यांवर सहा इंच माती पसरून ‘बाग’ तयार होते. सिमेंटमधील चुन्यामुळें मातीचा सामू वाढतो. अशा जागीं लावलेलें झाड मातींत नव्हे, तर मातीनें झांकलेल्या ढिगाऱ्यांत लावलेलें असतें.

चौथा प्रश्न पाण्याचा. या शहराला पवनेचें पाणी रावेतजवळून उचलून पुरविलें जातें. तें झाडांना चांगलें मानवतें. परंतु २०१९ च्या अखेरीस शहरांत दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला, आणि बागेसाठीं विंधन विहिरीचें व टँकरचें पाणी वापरण्याकडे कल वाढला. विंधन विहिरीच्या पाण्यांत क्षार अधिक असले तर आळ्याच्या मातीवर पांढरी पापडी धरते आणि पानांच्या कडा टोंकाकडून जळत येतात. घरांतील आर.ओ. यंत्रांतून वाया जाणारें पाणी कुंडींत किंवा आळ्यांत ओतण्याची काटकसर पुष्कळ ठिकाणीं केली जाते; पण त्या पाण्यांत मूळ पाण्यापेक्षां क्षार जास्त असतात, हें विसरूं नये. त्याहून फसवें पाणी सॉफ्टनरचें. जड पाणी मऊ करणारीं हीं यंत्रें कॅल्शियम काढून घेतात व त्याच्या जागीं सोडियम सोडतात. कपड्यांना तें मानवतें. काळ्या मातीला मात्र नाहीं. सोडियममुळें तिचे कण सुटे होऊन सारी छिद्रें बुजतात, आणि जमीन पावसांत लोण्यासारखी व उन्हांत विटेसारखी होते.

पांचवा आणि शेवटचा प्रश्न, गेल्या पंधरवड्यांत झाडाला काय काय घातलें? याचें उत्तर खरें मिळालें तर अर्धें निदान येथेंच होतें. मूठभर युरिया कोंवळ्या मुळांशीं पडला कीं भोंवतालचें पाणी इतकें खारट होतें कीं मुळांना तें ओढतां येत नाहीं. उलट मुळांतलेंच पाणी बाहेर खेंचलें जातें. दोन-चार दिवसांत सर्व पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात. कच्चें शेणखत खड्ड्यांत भरलें असेल तर तें कुजतांना उष्णता निर्माण होते, आणि वाळवी व हुमणी यांनाही आमंत्रण मिळतें.

प्रश्न संपले कीं दर्शन. प्रथम चार पावलें मागें सरून सगळें झाड पाहावें. बिघाड सर्व अंगांनीं सारखा असेल तर कारण मुळांत किंवा पाण्यांत असतें. एकाच बाजूची फांदी वाळत असेल तर त्या फांदीच्या खोडाशीं छिद्र, जखम किंवा आवळलेली दोरी शोधावी. फक्त भिंतीकडील बाजू भाजत असेल तर तापलेल्या भिंतीची झळ हें कारण असूं शकतें. शेजारचें गवत, तुळस, जास्वंद हींही मलूल आहेत काय, हें पाहावें. रोग आणि किडी सहसा आपापलें झाड निवडतात, पण पाणी व माती यांचा दोष सर्वांना भोगावा लागतो.

मग पानें. येथें एक नियम लक्षांत ठेवण्यासारखा आहे: पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू झाला कीं नव्या पानांपासून, हें पाहावें. नत्र हें झाडांत फिरणारें द्रव्य आहे. तें कमी पडलें कीं झाड जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला देतें. म्हणून खालचीं पानें सबंध पिवळीं होतात. लोह असें फिरत नाहीं. तें कमी पडलें कीं जुनीं पानें हिरवींच राहतात, आणि शेंड्याचीं नवीं पानें पिवळीं, पण त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, अशी जाळीदार नक्षी दिसते. चुनखडीच्या जमिनींत हें दृश्य नेहमींचें आहे. तेथें लोह नसतें असें नाहीं. मातीचा सामू साडेसातांच्या वर गेला कीं तें विरघळत नाहीं, आणि भरल्या कोठाराच्या दारांत झाड उपाशी राहतें. लिंबूवर्गीय झाडाचीं नवीं पानें लहान, अरुंद व शिरांच्या मध्यें पिवळीं ठिपकेदार निघालीं तर जस्ताची उणीव समजावी. पण एक सावधगिरी हवी. मुळें पाण्यांत कुजत असलीं तर हीच लक्षणें दिसतात, कारण सडलेलीं मुळें कोणतेंच अन्न उचलूं शकत नाहींत. म्हणून केवळ पानावरून खत ठरवूं नये.

ज्यांना रोग समजलें जातें, पण जीं निरोगी झाडाचीं लक्षणें आहेत, त्यांचाही विचार येथेंच केला पाहिजे. आंब्याची नवी पालवी तांबूस, लोंबती व मऊ असते. ती पंधरा-वीस दिवसांत आपोआप हिरवी होऊन ताठ होते. सीताफळ व अंजीर हिवाळ्यांत पानें टाकतात. त्या वेळीं ‘झाड मेलें’ म्हणून तें उपटलें, अशा कथा थोड्या नाहींत. चिकू स्वभावतःच मंद वाढतो. वर्षभरांत वीतभर वाढला म्हणून त्याला खत चारण्याचें कारण नाहीं. आंब्याच्या कलमाला पहिल्याच वर्षीं मोहोर येतो, कारण त्याची वरची काडी फळत्या झाडाची असते. घरांत त्याचा आनंद होतो. परंतु हातभर उंचीच्या रोपानें फळ पोसणें म्हणजे लहान मुलाच्या खांद्यावर जू ठेवणें होय. पहिलीं दोन-तीन वर्षें मोहोर खुडून टाकावा. या शक्तिपातानें खंगलेल्या झाडाला रोगी समजून औषध दिलें जातें, तें व्यर्थ.

पानांवर किडींच्या खुणा असतील तर त्या सहसा स्पष्ट असतात. लिंबाच्या कोंवळ्या पानांत चांदीसारखी नागमोडी रेघ दिसून पान मुरडलें तर ती नागअळी होय. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी किंवा पुढें हिरवी होणारी अळी पानेंच्या पानें फस्त करीत असेल तर ती फुलपाखराची. सकाळीं हातानें वेंचून टाकणें हाच तिच्यावर सर्वांत सोपा उपाय. पिवळ्या कड्यांच्या मध्यें खडबडीत तपकिरी फोड आले तर तो खैऱ्या, आणि नागअळीनें केलेल्या जखमांतून तो अधिक शिरतो. पेरूच्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर पिठ्या ढेकूण आला असें समजावें. मुंग्या त्याचा गोड चिकटा खातात आणि त्याला राखतात. आंब्याच्या खोडाला छिद्र पडून त्यांतून भुसा बाहेर येत असेल तर तें भिरुडाचें काम. डाळिंबाच्या पानावर तेलकट डाग पडले तर तेल्याचा संशय घ्यावा. असा भाग कापून जाळावा व कात्री निर्जंतुक करावी.

आतां स्पर्शन, म्हणजे हात मातीला लावणें. पुष्कळशीं निदानें येथेंच पक्कीं होतात, आणि पुष्कळ लोक हेंच टाळतात. खोडाच्या सालीवर नखानें हलकेंच खरवडावें. आंत हिरवी ओलसर साल दिसली तर तो भाग जिवंत आहे. तपकिरी व कोरडी दिसली तर मेलेला आहे. शेंड्यापासून खालीं येत कोठपर्यंत जीव आहे, हें अशा रीतीनें ठरवितां येतें. कलमाचा जोड हा येथें महत्त्वाचा टप्पा. जोडाच्या वर हिरवें असेल तर आशा आहे. जोडाच्या वर सर्व वाळलें आणि खालून जोमदार फुटवा आला तर तो खुंटाचा फुटवा होय. तो वाढूं दिला तर झाड वाढेल, परंतु हापूसऐवजीं रायवळ आणि मोसंबीऐवजीं जंबेरीचा आंबट, कांटेरी झुडूप पदरांत पडेल. जोड जिवंत असतां खालून फुटवे आले तर ते वेळोवेळीं खुडावे, नाहींतर वरच्या काडीचें अन्न ते खाऊन टाकतात.

जोडावर बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी काढली आहे काय, तेंही बोटांनीं चांचपून पाहावें. खोड जाड होत जातें आणि पट्टी मात्र तेवढीच राहते. शेवटीं ती सालींत रुतून अन्नाची वाट बंद करते. आधाराच्या काठीला बांधलेली दोरीही हेंच करते. जोड मातीखालीं पुरला गेला असेल किंवा खोडाभोंवतीं मातीचा ढीग लावला असेल तर सालीला सतत ओल लागून ती कुजते. लिंबूवर्गीय झाडांत तेथून डिंक गळूं लागतो.

यानंतर आळ्याच्या मातींत बोट दोन-तीन इंच घालावें. वर कोरडी पापडी व आंत ओल असेल तर पाणी देऊं नये. मलूल झाड आणि ओली माती ही जोडी दिसली कीं पाणी ताबडतोब बंद करावें. मूळ हें जिवंत अंग आहे. त्यालाही श्वासाला हवा लागते. मातीच्या छिद्रांत पाणी भरून राहिलें कीं मुळांचा श्वास कोंडतो, तीं कुजतात, आणि चहूंकडे पाणी असूनही वर पानांना तें पोंचत नाहीं. अति तेथें माती, ही म्हण येथें शब्दशः खरी होते.

संशय राहिला तर खोडापासून हातभर अंतरावर हलक्या हातानें उकरून एक-दोन मुळ्या पाहाव्या. पांढरट, कडक मुळ्या निरोगी. तपकिरी, मऊ व दुर्गंधी येणाऱ्या मुळ्या कुजलेल्या. नव्या झाडाच्या मुळ्या इतक्या दूर आलेल्या नसल्यास आणखी जवळ उकरावें. पावसाळ्याच्या आरंभीं इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वाकलेल्या पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या सांपडल्या तर ती हुमणी. मुळें कुरतडून ती चांगलें हिरवें झाड आठवड्यांत वाळवते.

जमिनीचा निचरा पाहण्याची एक घरगुती परीक्षा आहे. झाडाजवळच एक फूट खोल खड्डा घेऊन तो पाण्यानें भरावा व जिरूं द्यावा. मग पुन्हा भरून तासाभरांत पातळी किती उतरते तें मोजावें. एक ते तीन इंच उतरली तर निचरा ठीक आहे. इंचभरही उतरली नाहीं तर निचरा मंद. आणि दुसऱ्या दिवशीं पाणी तसेंच असेल तर त्या जागीं खोल खड्ड्यांत झाड लावणें म्हणजे तें हौदांत लावणें. घट्ट मुरमांत तीन फूट खड्डा खणून तो चांगल्या मातीनें व खतानें भरला कीं भोंवतालच्या जमिनीचें पाणी त्यांतच उतरतें. अशा जागीं आजूबाजूची जमीन पहारीनें रुंद मोकळी करावी, आणि फूट-दीड फूट उंच, रुंद ओटा करून त्यावर झाड लावावें. बिघडलेलें नवें झाडही पहिल्या वर्षीं मातीच्या गोळ्यासकट काढून असें उंच लावतां येतें. मात्र तें संध्याकाळीं, ढगाळ हवेंत करावें.

येथपर्यंत आल्यावर उपायांचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम पाणी, मग माती, मग अन्न आणि सर्वांत शेवटीं औषध. होरपळलेल्या रोपावर महिनाभर सावलीची जाळी धरावी व करपलेलीं पानें घाईनें तोडूं नयेत. खतानें भाजलेल्या झाडाला, निचरा चांगला असेल तर, भरपूर गोडें पाणी देऊन क्षार खालीं उतरवावे. लोहाच्या उणिवेवर हिराकस मातींत टाकण्यांत फारसा अर्थ नाहीं. चुन्याच्या मातींत तो लगेच अडकतो. त्याचें लिटरला पांच ग्रॅमचें पातळ द्रावण सकाळीं किंवा संध्याकाळीं पानांवर फवारावें, किंवा चिलेटेड लोह वापरावें. कायमचा इलाज मात्र चांगलें कुजलेलें खत व पालापाचोळ्याचें आच्छादन यांनीं जमीन सुधारणें हाच; आच्छादन खोडाला न टेकतां चार बोटें दूर ठेवावें. दोष मातीचाच वाटत असेल तर माती परीक्षण प्रयोगशाळेकडून सामू, क्षार व चुनखडी तपासून घ्यावी. ओंजळभर मातीचा तो खर्च दहा बाटल्यांपेक्षां स्वस्त पडतो.

किडींसाठीं निंबोळीचा अर्क घरच्या बागेला पुरेसा होतो: लिटरभर पाण्यांत पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून, थोडें साबणाचें पाणी मिसळून तो फवारावा. बुरशीसाठीं बोर्डो मिश्रण आजही उपयोगी आहे. फ्रान्समधील बोर्डो प्रांतांत रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना परावृत्त करण्यासाठीं मोरचूद व चुना शिंपडीत. त्याच वेली रोगांतून वांचल्या हें मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या नजरेस आलें, आणि १८८५ सालीं त्यानें हा उपाय प्रसिद्ध केला. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी यांचा मलम खोडाच्या जखमेवर व पायथ्याला लावतात. जगभर वापरलें गेलेलें हें औषध कोणा कारखान्यांत नव्हे, तर नीट पाहणाऱ्या डोळ्यांना सांपडलें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

पाहणाऱ्या डोळ्यांचीं उदाहरणें पुण्यालाही आहेत. गणेशखिंडीच्या फळबागेंत डॉ. चीमा यांनीं १९२७ सालीं अलाहाबाद सफेदा पेरूच्या रोपांतून ‘लखनौ-४९’, म्हणजे पुढील काळांतला ‘सरदार’ पेरू निवडला, आणि १९३६ सालीं आळंदी वाणांतून ‘गणेश’ डाळिंब निवडलें. या दोन्ही जाती याच हवेंत व याच पठारावर पारखलेल्या आहेत. त्यामुळें आकुर्डीच्या अंगणांत सरदार पेरू किंवा गणेश डाळिंब रडत असेल तर जातीला किंवा हवामानाला दोष देण्यापूर्वीं खड्ड्याकडे पाहावें.

शेवटीं, सर्व करूनही कांहीं झाडें जातात. खरवडलेली साल जोडाच्या खालपर्यंत तपकिरी निघाली, सहा आठवडे वाट पाहूनही फुटवा आला नाहीं, तर तें झाड गेलें असें मानावें. पण तें उपटून कचऱ्यांत टाकण्याची घाई करूं नये. मुळें धुवून पाहावीं. तीं पिशवीच्या आकारांतच गोल गुंडाळलेलीं आहेत काय? कुजून काळीं झालीं आहेत काय? कुरतडलेलीं आहेत काय? कीं सहा इंचांवर फरशीला टेकून तेथेंच थांबलीं आहेत? मग रिकाम्या खड्ड्यांत पाणी ओतून तासभर घड्याळ लावावें. हें न करतां त्याच जागीं दुसरें कलम आणून लावलें तर पुढल्या दिवाळीला तीच तक्रार पुन्हा ऐकावी लागेल. मेलेल्या झाडाचें निदान त्याच्या उपयोगीं पडत नाहीं. पण पुढच्या पावसाळ्यांत त्या खड्ड्यांत येणाऱ्या झाडाला तेंच पहिलें औषध असतें.